नॉड-निफ जनुकांपाशीच असेंब्ली का तुटते? सोयाबीनच्या गाठीतल्या जिवाणूचा जीनोम जुळवताना

तक्रार दर वर्षी तीच असते, आणणारं पोरगं तेवढं बदलतं. सांवेर-देपालपूरकडच्या शेतातून राखीच्या सुमारास उपटलेलं सोयाबीनचं झाड, मुळावरच्या गाठीतून वेगळा केलेला ब्रॅडीरायझोबियम (हवेतलं नत्र स्थिर करणारा जिवाणू), त्याचा डीएनए, इल्युमिना यंत्राचे १५० बेसचे (डीएनएच्या अक्षरांचे) जोडीचे रीड, म्हणजे वाचलेले तुकडे, आणि स्पेड्स या सॉफ्टवेअरवर केलेली असेंब्ली, म्हणजे ते तुकडे जुळवून पुन्हा लावलेला जीनोम. निकालाची फाइल उघडली की दोन-अडीचशे कॉन्टिग, म्हणजे सलग जुळलेले तुकडे. त्यातही रायबोसोमची प्रथिनं, डीएनए पॉलिमरेज वगैरे रोजच्या कामाची जनुकं लांबलचक कॉन्टिगवर ओळीने बसलेली असतात. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला ती नॉड (गाठी तयार करणारी) आणि निफ (नत्र स्थिर करणारी) जनुकं मात्र दहा-पंधरा तुकड्यांत विखुरलेली, एखादं तर मधोमध कापलेलं.

मग पुढचा प्रश्न ठरलेला: "मॅडम, अजून डाटा मागवू का? कंपनीवाले म्हणतायत की डेप्थ वाढवली तर होईल."

नका मागवू. ब्रॅडीरायझोबियमचा जीनोम साधारण ९ मेगाबेसचा, म्हणजे ९० लाख बेसचा. डेप्थ म्हणजे प्रत्येक जागा सरासरी किती वेळा वाचली गेली; शंभरपट डेप्थ म्हणजे ९० कोटी बेस, आणि एवढा डाटा बहुतेकांच्या हातात आधीच असतो. शंभरपटीत जी असेंब्ली तुटली ती तीनशेपटीतही त्याच जागी तुटणार. कमी पडतेय ती रीडची लांबी. डाटा वाढवून ती वाढत नाही, फक्त बिल वाढतं.

तिथेच का तुटते

यूएसडीए ११० हा सोयाबीनच्या ब्रॅडीरायझोबियमचा सगळ्यांत जास्त अभ्यासलेला वाण. जपानच्या काझुसा संस्थेने २००२ साली त्याचा पूर्ण जीनोम प्रसिद्ध केला. तेव्हा तो जापोनिकम म्हणून ओळखला जायचा, २०१३ पासून डायझोएफिशियन्स या नव्या प्रजातीत गेला. एकच वर्तुळाकार गुणसूत्र, ९१,०५,८२८ बेसजोड्या, जीसी (जी आणि सी या अक्षरांचं प्रमाण) ६४.१ टक्के, प्रथिनांची ८,३१७ संभाव्य जनुकं, प्लाझ्मिड (गुणसूत्राबाहेरचं वेगळं डीएनए-वर्तुळ) नाही. या गुणसूत्रात ६८१ किलोबेसचा एक पट्टा आहे, त्याला सहजीवन-बेट म्हणतात. गाठी तयार करणारी आणि नत्र स्थिर करणारी जनुकं बहुतांशी तिथे एकवटलेली आहेत.

आता आपल्या तक्रारीचं मूळ बघा. संपूर्ण जीनोममध्ये ट्रान्सपोजेजची (डीएनएचा तुकडा उचलून दुसरीकडे बसवणाऱ्या एन्झाइमची) १६७ जनुकं मोजली गेली, आणि त्यांतली १०० या एका बेटात आहेत. बेट गुणसूत्राच्या साडेसात टक्के, पण उड्या मारणाऱ्या डीएनएचे साठ टक्के त्याच्या वाट्याला आलेत. अशा उड्या मारणाऱ्या तुकड्यांना इन्सर्शन सीक्वेन्स म्हणतात; त्या एकेक ७०० ते २,५०० बेसच्या असतात आणि एकाच प्रकारच्या प्रती एकमेकींशी जवळजवळ अक्षरशः जुळतात.

आरतीसंग्रहाच्या पानाच्या दोन-दोन शब्दांच्या चिठ्ठ्या करा आणि मग आरती पुन्हा लावायला बसा. कडव्यातले शब्द जागच्या जागी लागतील, पण ध्रुवपदाची चिठ्ठी कुठल्या कडव्यानंतरची हे ती चिठ्ठी सांगू शकत नाही. असेंबलरचं नेमकं हेच होतं. १५० बेसचा रीड १,४०० बेसच्या इन्सर्शन सीक्वेन्सच्या पोटात पूर्ण बुडतो, त्याचं एकही टोक बाहेरच्या ओळखीच्या डीएनएपर्यंत पोचत नाही. जोडीचे रीड असले तरी दोघांमधलं अंतर साधारण ३५० ते ५०० बेसचं, म्हणजे तेही पुरत नाही. स्पेड्स अशा जागी अंदाज न बांधता कॉन्टिग तोडून देतो. त्याला शिव्या देऊ नका, तो प्रामाणिकपणे वागतोय.

ई. कोलायवर काम करणाऱ्यांना वाटतं की असेंब्ली तुटली म्हणजे रायबोसोमल आरएनएचे ओपेरॉन (एकत्र चालणाऱ्या जनुकांचे संच) कारणीभूत. त्यांच्या बाबतीत ते बरोबरच आहे, कारण ई. कोलायच्या के-१२ या वाणात ५ किलोबेसच्या वर लांबीचे असे ७ ओपेरॉन आहेत. यूएसडीए ११० मध्ये मात्र रायबोसोमल जनुकांचा संच एकच आहे. तेव्हा ई. कोलायच्या प्रोटोकॉलमधली ती ओळ आपल्या प्रबंधात उतरवू नये. परीक्षक जाणकार असेल तर तिथेच धरतो.

अर्ध्या तासात खात्री करून घ्या

असेंब्लीची गुणवत्ता मोजणाऱ्या क्वास्टचा रिपोर्ट बघून समाधान मानू नका. एन-५० (कॉन्टिगच्या लांबीचं माप) किती आलं यावरून कॉन्टिग का तुटली ते कळत नाही. स्पेड्सच्या फोल्डरमध्ये असेंब्ली ग्राफची (कुठला तुकडा कुठल्याला जोडतो त्या नकाशाची) जीएफए फाइल पडलेली असते, ती बँडेजमध्ये उघडा. हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं.

पडद्यावर लांब रंगीत दोऱ्यांचा गुंता दिसेल. रंगांकडे दुर्लक्ष करा आणि नोडवर (ग्राफमधल्या एकेका तुकड्यावर) डेप्थ दाखवायला सांगा. समजा लांब नोड सगळे ८० च्या आसपास आहेत आणि मध्येच १,३०० बेसचा एक आखूड नोड ९६० दाखवतोय. ९६० भागिले ८०, म्हणजे त्या क्रमाच्या जीनोममध्ये बारा-एक प्रती आहेत आणि असेंबलरने त्या सगळ्या एकावर एक ठेवून दिल्या आहेत. त्या नोडच्या दोन्ही टोकांना डझनभर दोरे येऊन मिळालेले दिसतील. तो क्रम ब्लास्टला (माहीत असलेल्या क्रमांशी जुळवून बघणाऱ्या साधनाला) टाका, ट्रान्सपोजेज निघेल. मग नॉड आणि निफ ज्यांच्यावर आहेत त्या कॉन्टिगची टोकं तपासा. बहुतेक टोकं याच नोडला किंवा याच्या एखाद्या भावंडाला जाऊन चिकटलेली सापडतात. तसं असेल तर निदान पक्कं.

नाही सापडली, तर दुखणं वेगळं आहे.

एक शक्यता म्हणजे भेसळ. गाठीचा पृष्ठभाग हायपोक्लोराइटने कितीही धुतला तरी आत बॅसिलस, पेनिबॅसिलस, अ‍ॅग्रोबॅक्टेरियम असे पाहुणे राहत असतात, आणि ब्रॅडीरायझोबियम आठवडाभर वाढत असताना हे दोन दिवसांत प्लेट भरून टाकतात. असेंब्लीचा एकूण आकार ९-१० मेगाबेसऐवजी १४-१५ आला, जीसीच्या आलेखात दोन उंचवटे दिसले किंवा भेसळ तपासणाऱ्या चेकएमने एकच प्रत असायला हवी त्या जनुकांच्या दोन-दोन प्रती दाखवल्या, की तो डाटा बाजूला ठेवा. सॉफ्टवेअरने चाळून वेगळा करता येतो, पण संशय कायमचा राहतो. यीस्ट-मॅनिटॉल अगरवर पुन्हा एकेक कॉलनी घ्या. काँगो रेडच्या प्लेटवर रायझोबियाच्या कॉलन्या रंग फारसा शोषत नाहीत, पांढुरक्याच राहतात. ब्रोमोथायमॉल ब्लूच्या प्लेटवर सावकाश वाढणारा ब्रॅडीरायझोबियम माध्यम अल्कधर्मी करतो आणि ते निळं होतं. दोन-तीन दिवसांत पिवळं झालं तर वेगाने वाढणारा कोणी तरी आहे.

दुसरी शक्यता जास्त जीसीची. ट्रान्सपोजेज वापरून तुकडे करणाऱ्या आणि वर पीसीआरच्या भरपूर फेऱ्या घेणाऱ्या लायब्ररीत काही जास्त जीसीचे पट्टे जवळपास कोरडे राहतात. इथे लक्षण उलटं असतं: कॉन्टिगच्या टोकाकडे डेप्थ ८० वरून ५-६ पर्यंत घसरत जाते. हा एकच प्रकार असा की ज्यात नव्याने डाटा घेऊन फरक पडतो, तोही पीसीआरशिवायच्या लायब्ररीने. पण बेट तुटण्याचं खापर यावर फोडण्याआधी लक्षात घ्या की यूएसडीए ११० मध्ये बेटाचं जीसी उरलेल्या गुणसूत्रापेक्षा कमी आहे. जास्त जीसीमुळे तुटलं असतं तर बेट आधी वाचलं असतं.

संदर्भ जीनोमवर रचून टाकू नका

सगळ्यांत मोहाचा मार्ग हा, आणि माझा सगळ्यांत जास्त विरोध यालाच आहे. दोनशे कॉन्टिग यूएसडीए ११० वर ओळीने मांडायचे, मधे एन-एन-एन (म्हणजे 'अक्षर माहीत नाही') भरायचं आणि सुंदर वर्तुळाचं चित्र प्रबंधात लावायचं. चित्र देखणं येतं, पण त्यातला जनुकांचा क्रम यूएसडीए ११० चा असतो, तुमच्या जिवाणूचा नव्हे. भारतातल्या सोयाबीनच्या गाठींतून ब्रॅडीरायझोबियमच्या युआनमिंगेन्स आणि लियाओनिंगेन्स या प्रजातीही मिळाल्या आहेत. तुमचा जिवाणू त्यांपैकी असेल तर मूळ साचाच चुकला.

शिवाय बेट स्थिर नसतं. न्यूझीलंडमध्ये सलिव्हन आणि रॉन्सन यांच्या गटाने १९९५ आणि १९९८ च्या शोधनिबंधांत दाखवलं की लोटस या शेंगवर्गीय चारापिकाच्या शेतात पेरलेल्या मेझोरायझोबियमचं (गाठी करणाऱ्या दुसऱ्या एका जिवाणूचं) सुमारे ५०० किलोबेसचं बेट अख्खंच्या अख्खं मातीतल्या स्थानिक, गाठी न करणाऱ्या जिवाणूंमध्ये गेलं होतं आणि फेनिलअ‍ॅलॅनिनच्या टीआरएनए जनुकापाशी बसलं होतं. आपल्याकडे गुळाच्या पाण्यात कल्चरचं पाकीट कालवून बियाण्याला चोळण्याची पद्धत गावोगावी आहे. त्या पाकिटातला जिवाणू गाठीत आला, की त्याचं बेट घेतलेला काळ्या मातीतला मूळचा जिवाणू आला, हा प्रश्न माळव्यात काम करणाऱ्याला पडायलाच हवा. त्याचं उत्तर बेटाच्या दोन्ही सीमांवर काय आहे त्यात असतं. उसन्या क्रमावर कॉन्टिग मांडले की नेमकं तेच पुसलं जातं.

लांब रीड हवेत, म्हणजे आधी लांब डीएनए हवा

उपाय सरळ आहे: इन्सर्शन सीक्वेन्सच्या दोन्ही बाजूंना ओलांडून जाणारे रीड. नॅनोपोअर किंवा पॅकबायो या यंत्रांचे १०-२० किलोबेसचे रीड २,५०० बेसचा अडथळा सहज पार करतात. इल्युमिनाचा जुना डाटा फेकायचा नाही, तो पुढे लागतो.

गाडी अडते ती डीएनएपाशी. इल्युमिनाला पाठवलेल्या डीएनएची उरलेली नळी फ्रीजरमधून काढून नॅनोपोअरला पाठवली, तर सरासरी दोन-तीन किलोबेसचे रीड येतात आणि पैसे देऊनही गाठ सुटत नाही. मण्यांनी पेशी फोडलेला, व्होर्टेक्स केलेला, दहा वेळा वितळवून गोठवलेला डीएनए आधीच तुटलेला असतो. आमच्याकडे मे-जूनमध्ये वीज गेली की फ्रीजर आपोआप हे काम करून ठेवतो.

ब्रॅडीरायझोबियमचं आणखी एक लचांड म्हणजे त्याचा बुळबुळीतपणा. मॅनिटॉलवर तो इतकी बहुशर्करा बनवतो की अल्कोहोल घातल्यावर नळीत जो पांढरा ढग उठतो, तो डीएनए समजून पोरं खूश होतात. काचकांडीवर गुंडाळायला गेलं की तो तंतू न होता शेंबडासारखा ओघळतो. नॅनोड्रॉप (प्रकाशशोषणावरून मोजणारं यंत्र) ४०० म्हणतो, क्युबिट (डीएनएला चिकटणाऱ्या रंगावरून मोजणारं) ६०. ही तफावत दिसली की पुढे जायचंच नाही. २६०/२३० चं (२६० आणि २३० नॅनोमीटरच्या शोषणाचं) गुणोत्तर २ च्या आसपास हवं, अशा नमुन्यात ते १ च्याही खाली असतं. तो चिकटा नॅनोपोअरची छिद्रं बंद करतो आणि फ्लोसेल (ती छिद्रं असलेली चिप) अर्ध्या वाटेत मान टाकते.

यावर जे आमच्याकडे चालतं ते सांगते. डीएनएसाठीची वाढ मॅनिटॉलऐवजी पेप्टोन-यीस्ट अर्काच्या माध्यमात अरॅबिनोज घालून करा, आणि कल्चर म्हातारं होऊ देऊ नका. पेशी खाली बसवल्यावर १ मोलर सोडियम क्लोराइडने धुवा, वरचं पाणी घट्ट वाटेनासं होईपर्यंत. मग लायसोझाइम, एसडीएस, प्रोटिनेज के, आणि त्यानंतर सीटॅब (साबणासारखं रसायन). सीटॅब घालताना मिठाचं प्रमाण ०.७ मोलरच्या आसपास असायलाच हवं. एवढ्या मिठात डीएनए विरघळलेला राहतो आणि बहुशर्करा-प्रथिनांचा गोळा क्लोरोफॉर्मच्या थराशी अडकतो. मीठ कमी पडलं तर डीएनएही सीटॅबबरोबर खाली बसतो, आणि तुम्ही तो क्लोरोफॉर्मबरोबर ओतून देता. इथून पुढे नळी हळूच उलटीपालटी करायची, व्होर्टेक्सला हात लावायचा नाही, टिपचं टोक कापून रुंद करून घ्यायचं. शेवटी डीएनए पाण्याऐवजी ट्रिसमध्ये घ्या आणि रात्रभर आपला आपण विरघळू द्या.

पाठवण्याआधी ०.७ टक्क्याच्या अगरोज जेलवर कमी व्होल्टेजला सावकाश चालवा. लॅम्डा-हिंडथ्री मार्करचा सगळ्यांत वरचा पट्टा २३ किलोबेसचा. तुमचा डीएनए त्याच्या बरोबरीने किंवा वर, घट्ट पट्ट्यासारखा दिसायला हवा. खालपर्यंत शेपूट ओढलेलं असेल तर पुन्हा काढा. उन्हाळ्यात कुरिअरने पाठवायचं असेल तर द्रावणाऐवजी ७० टक्के अल्कोहोलखाली बसवलेला डीएनए पाठवणं जास्त भरवशाचं. बर्फाच्या पिशवीवर आणि कुरिअरवाल्याच्या शब्दावर विसंबू नये.

वर्तुळ पूर्ण झालं, आता पुढे

लांब रीड फ्लाय या असेंबलरवर चालवले की बहुतेक वेळा ९-१० मेगाबेसचं एकच वर्तुळ मिळतं. तिथे चहा प्यायला हरकत नाही, पण काम संपलेलं नसतं.

आधी डीएनए-ए (प्रतिकृती सुरू करणाऱ्या) जनुकापासून क्रम सुरू करून घ्या, म्हणजे दोन जीनोम शेजारी ठेवता येतात. मग जीसी-स्क्यूचा आलेख काढा. पुढे चालणाऱ्या धाग्यावर सीपेक्षा जी जास्त असतो, त्यामुळे आलेख प्रतिकृती जिथे सुरू होते आणि जिथे संपते तिथेच दिशा बदलतो. मधेच, बेटाबाहेर, एखादा मोठा तुकडा उलट्या दिशेने दिसला तर तो खरा उलटफेर आहे की असेंब्लीचा घोटाळा, हे त्या सांध्यावरून आरपार गेलेले रीड मोजून ठरवा.

नंतर जनुकांची संख्या. जनुकं शोधणाऱ्या बाक्टा किंवा प्रोक्काने ९ मेगाबेसमध्ये ११-१२ हजार जनुकं दाखवली तर हुरळून जाऊ नका. जिवाणूत ढोबळमानाने एका किलोबेसला एक जनुक बसतं. एवढी जास्त आली म्हणजे एकाच अक्षराच्या लांब ओळींत नॅनोपोअरने एखादा बेस गाळलाय, वाचनचौकट सरकलीय आणि एका जनुकाची दोन-तीन तुटकी जनुकं झालीयत. आर-९ च्या जुन्या फ्लोसेलवर हे हमखास व्हायचं, आर-१० वर बरंच कमी झालंय. इथेच तो जुना इल्युमिनाचा डाटा बाहेर काढायचा आणि पॉलिपोलिशने दुरुस्ती करायची. पुनरावृत्तीच्या जागीही चालावं म्हणूनच ते बनवलेलं आहे, आपल्या बेटासाठी ही मोठी सोय.

छोटी प्लाझ्मिडं लांब रीडच्या असेंब्लीतून गळू शकतात, कारण लहान वर्तुळं लायब्ररीतच कमी पोचतात. युनिसायकलर या असेंबलरवर एकदा दोन्ही डाटा एकत्र चालवून बघा.

लांब रीडचे पैसेच नसतील तर

एम.एस्सी.च्या प्रकल्पात नसतातच. मग बँडेजमध्ये कुठली दोन टोकं एका इन्सर्शन सीक्वेन्सला मिळतात त्यांची यादी करा आणि प्रत्येक कॉन्टिगच्या टोकाआधी दोन-तीनशे बेसवर, ट्रान्सपोजेजच्या बाहेर, बाहेरच्या दिशेने तोंड केलेले प्रायमर बनवा. ज्या जोडीतून इन्सर्शन सीक्वेन्सची लांबी अधिक दोन्हीकडचं अंतर एवढा पट्टा येईल, ते दोन कॉन्टिग शेजारी. अख्खं बेट असं जुळवायला जाऊ नका, वर्ष जाईल. तुमच्या प्रश्नाला लागतील तेवढेच चार-पाच सांधे जोडा. जास्त जीसीसाठी पीसीआरमध्ये डीएमएसओ लागेल.

जे तुटलेलंच नाही

एक तक्रार हमखास येते: निफ-एच एका कॉन्टिगवर आणि निफ-डी, निफ-के दुसऱ्या, तेव्हा असेंब्ली चुकली. पाठ्यपुस्तकात क्लेबसिएलाचं चित्र असतं, त्यात एच-डी-के सलग आहेत, म्हणून असं वाटतं. ब्रॅडीरायझोबियममध्ये निफ-एच आणि निफ-डीके मुळातच वेगवेगळ्या ओपेरॉनमध्ये, एकमेकांपासून लांब आहेत. ती जोडण्यासाठी प्रायमर मागवू नका.

उलट तुमच्या असेंब्लीत ही तिन्ही सलग निघाली तर थांबा. सोयाबीनच्या गाठीत वेगाने वाढणारा एन्सिफर फ्रेडीही येतो, त्याच्यात ती सलग असतात. असेंब्लीत १६एस जनुकं (जिवाणू ओळखायला वापरतात ती रायबोसोमल जनुकं) किती आणि कुणाची ते बघा, आणि ब्रोमोथायमॉल ब्लूची जुनी प्लेट कोल्डरूममधून काढून तिच्या कडेला कुठे पिवळं झालंय का ते तपासा.